मायनरला ॲक्च्युरिअल सायन्स घेऊ का?

प्रश्न विचारणारी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन बसली आहे. मेजर अर्थशास्त्र. बारावीला गणित होतं आणि बरं होतं. कॉलेजने दुसऱ्या वर्षापासून मायनरसाठी, म्हणजे दुय्यम विषयासाठी, दोन विषय पुढे ठेवलेत: संख्याशास्त्र आणि ॲक्च्युरिअल सायन्स (विमा, पेन्शन अशा पुढे द्याव्या लागणाऱ्या पैशांचं आणि त्यातल्या जोखमीचं गणित; ते करणारा तो ॲक्च्युअरी). दुसरं नवीन आहे, त्याची जाहिरातही जोरात आहे. मावसभाऊ अमेरिकेत शिकतो, त्याने हेच मायनर घेतलं आणि त्याला इंटर्नशिप मिळाली. तिचे तीन प्रश्न आहेत. हे घेतलं तर मी ॲक्च्युअरी होईन का? ॲक्च्युअरीच्या परीक्षांत सूट मिळेल का? आणि नाहीच झाले, तर ही वर्षं फुकट जातील का? सोबत दोन्ही अभ्यासक्रमांचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंस.

तुला एकेरीच लिहिते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. थोडक्यात उत्तर असं: सूट मिळेल असं धरून चालू नकोस. वर्षं फुकट जात नाहीत. आणि तू ॲक्च्युअरी होशील की नाही, याचा मायनरशी संबंध फारच थोडा आहे. आता जरा बैजवार सांगते.

मी या धंद्यात एकोणीस वर्षं आहे. पहिली नऊ एका आयुर्विमा कंपनीत काढली. त्यानंतर आजवर कंपन्यांच्या ग्रॅच्युइटीचं, पेन्शनचं, साठलेल्या रजांचं मूल्यांकन करते. सांगलीच्या नातेवाइकांच्या लेखी मी 'विम्यात' आहे, म्हणजे एजंट. एक काका दर दिवाळीत पॉलिसीची फाइल घेऊन बसतात आणि 'बोनस कधी जमा होतोय बघ गं' म्हणतात. मराठीत 'विमागणितज्ञ' असा शब्द आहे, पण तो मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. ऑफिसात सगळे ॲक्च्युअरीच म्हणतात.

आधी मायनर किती मोठं असतं ते पाहू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट्स असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. म्हणजे सगळं मायनर मिळून तीनशे तासांच्या आत-बाहेर. ॲक्च्युअरी व्हायच्या परीक्षा घेते ती इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया; तिच्या एकेका जाडजूड पेपराला दोनशे ते अडीचशे तास बसावं लागतं, तेही डोकं ताजं असेल तर. फेलोपर्यंत, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी होईपर्यंत, असे पेपर तेराच्या घरात. रचना अधूनमधून बदलत असते. मुद्दा एवढाच, की वेळेच्या हिशेबाने तुझं अख्खं मायनर एका पेपरापेक्षा जरासंच मोठं आहे. ते तुला ॲक्च्युअरी करेल ही अपेक्षा त्याच्यावर लादू नकोस.

सूट मिळणं ही निराळी गोष्ट. माहितीपत्रकात 'इन्स्टिट्यूटच्या अभ्यासक्रमावर आधारित' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की विषयांची यादी तिथून उचलली आहे. सूट इन्स्टिट्यूट देते, कॉलेज देत नाही. आणि इन्स्टिट्यूट ती विशिष्ट विद्यापीठाच्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, विशिष्ट गुणांच्या अटीवर देते. तेव्हा विभागप्रमुखांना सरळ विचार: कुठल्या पेपराला, किती गुणांवर, आणि ते इन्स्टिट्यूटच्या कुठल्या कागदावर लिहिलंय? 'बोलणी चालू आहेत' असं उत्तर आलं तर सूट नाही असं समज.

या वाटेवर पहिलं दार म्हणजे एसीईटी ही प्रवेश परीक्षा. बारावी झालेल्या कुणालाही ती देता येते. गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचं वाचन, इंग्रजी आणि तर्क एवढाच तिचा आवाका. ती पास झालीस की इन्स्टिट्यूटची विद्यार्थी सभासद होतेस आणि पेपर द्यायला मोकळी. तू मायनर काय घेतलंस हे तिथे कुणी विचारत नाही. माझ्या बॅचला एक मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि एक बाई शाळेत गणित शिकवायच्या.

मावसभावाचंही खरंच आहे, पण तिथली गोष्ट वेगळी. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत हे मायनर सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजच्या पहिल्या दोन परीक्षांभोवती, म्हणजे संभाव्यता आणि वित्तीय गणिताभोवती, रचलेलं असतं. पोरं मायनर करता करता त्या परीक्षा देतात, आणि कंपन्या मायनरपेक्षा पास झालेल्या परीक्षा बघतात. त्याला एकदा विचार, इंटर्नशिपच्या आधी किती परीक्षा झाल्या होत्या. एक तरी झालेली असणार.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. मायनर कशासाठी घ्यावं? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी: हे काम आपल्याला आवडतं का, हे तेरा पेपरांत गुंतण्याआधी कळावं म्हणून. आणि हे काम म्हणजे नेमकं काय, हे परीक्षेतून कळत नाही. मला ते एका साखर कारखान्याच्या फाइलीतून कळलं.

मी विमा कंपनी सोडून सल्लागार फर्ममध्ये आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या ग्रॅच्युइटीचं मूल्यांकन आलं होतं. अकराशेच्या आसपास कामगार. एक्सेलच्या शीटमध्ये टोकन नंबर, जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, मूळ पगार अधिक महागाई भत्ता. सूत्र चढवलं, पुढच्या वीस वर्षांत कुठल्या महिन्यात किती पैसे बाहेर जातील याचा आलेख काढला. आलेख फणीसारखा दिसत होता. वर्षभर सपाट आणि जानेवारीच्या सुरुवातीला सुळका. मग पुन्हा सपाट, पुन्हा सुळका.

जन्मतारखा उघडून पाहिल्या. निम्म्याहून जास्त माणसं ६ जानेवारीला जन्मलेली. कुणाचं वर्ष १९६२, कुणाचं १९६८, पण तारीख तीच. मला वाटलं, कुणी तरी शीट खाली ओढताना तारीख कॉपी झालीय. कारखान्याच्या टाइम ऑफिसला फोन लावला. तिथले क्लार्क शांतपणे म्हणाले, 'मॅडम, सहा जानेवारी नाही, एक जून. आमच्याकडे सगळे एक जूनवालेच.'

तेव्हा डोक्यात उजेड पडला. चूक दोन थरांची होती. वरचा थर एक्सेलचा: ०१/०६ हे त्याने अमेरिकन पद्धतीने वाचलं, आधी महिना आणि मग दिवस. त्याखालचा थर पन्नास-साठ वर्षं जुना: गुरुजींचा. जूनमध्ये शाळा भरायची, पोराला घेऊन कुणी तरी यायचं, जन्माची नोंद कुठेच नसायची, आणि हेडमास्तर पटावर १ जून टाकून द्यायचे. माझ्या वडिलांचा वाढदिवसही १ जूनच आहे. आजीला विचारलं तर ती म्हणायची, 'थंडी होती, शेकोटी पेटवली होती.' म्हणजे घरात ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, तरी स्क्रीनवर दिसल्यावर मी एक्सेललाच दोष देत बसले.

एक्सेलचा थर दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. पण ज्यांच्या तारखेत दिवस बारापेक्षा मोठा होता, त्या त्याने उलटवल्या नव्हत्या, तशाच मजकूर म्हणून ठेवल्या होत्या. त्या वेगळ्या काढाव्या लागल्या. सुळका जानेवारीतून ३१ मेला सरकला. सरकारी नोकरीत १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, या कारखान्याचाही नियम तोच होता.

मग दुसरा प्रश्न उरला, आणि तो मला आजही छान वाटतो. या तारखा खोट्या आहेत हे आता मला माहीत आहे. मग त्या वापरायच्या का? निवृत्तीच्या हिशेबाला वापरायच्याच. कारखाना माणसाला घरी पाठवतो तो कागदावरचं वय बघून, तिथे कागद हेच सत्य. पण त्याच हिशेबात मृत्यूची शक्यताही असते, आणि माणूस मरतो तो अंगच्या वयाने. गुरुजींनी कुणाला वर्षभर मोठं केलं, कुणाला लहान. फरक बारीक आहे आणि शेवटच्या आकड्यात जवळपास दिसत नाही, म्हणून मी तो सोडला. पण 'सोडला' असं अहवालात लिहिलं. आकडा कुठून आला, त्यात काय मुरलंय, कुठल्या प्रश्नासाठी तो चालेल आणि कुठल्या नाही, यातच माझे दिवसाचे सहा तास जातात. सूत्र लावणं हा त्यातला सोपा भाग.

तो सोपा भागही एकदा बघून ठेव. त्या यादीतला एक माणूस घे. वय ५०, नोकरी वीस वर्षं, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये. कायद्याचं सूत्र असं, की प्रत्येक वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. आज सोडून गेला तर २६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०, म्हणजे बरोबर तीन लाख.

पण तो आज जाणार नाही, साठाव्या वर्षी जाणार. तेव्हाचा पगार वेगळा असेल. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी तो ५६,१३२ होतो, आणि आजवर झालेल्या वीस वर्षांच्या नोकरीपोटी तेव्हा ६ लाख ४७ हजारांच्या वर द्यावे लागतील. ते पैसे दहा वर्षांनी द्यायचेत, म्हणून त्यांचं आजचं मूल्य काढायचं. सात टक्क्यांनी काढलं तर ३ लाख २९ हजार. सहा टक्क्यांनी काढलं तर ३ लाख ६२ हजार. मधल्या काळात नोकरी सोडणं, मरण येणं हे अजून यात धरलेलंच नाही. व्याजदरातल्या एका टक्क्याने देणं दहा टक्क्यांनी फुगलं, एवढं बघ. अकराशे माणसांवर हे पसरलं की वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून मग अकाउंट्समधून फोन येतो, 'मॅडम, रेट जरा वर धरता येईल का?' येत नाही. तो सरकारी रोख्यांच्या बाजारातल्या परताव्यावरून घ्यायचा असतो, माझ्या मर्जीवर नसतो.

आठ टक्के पगारवाढ मात्र मला ठरवावी लागते, आणि साखर कारखान्यात ती दरवर्षी आठ टक्के अशी कधीच होत नसते. साखर कामगारांची वाढ त्रिपक्षीय करारातून येते. काही वर्षं काहीच नाही, मग एकदम, आणि मागची थकबाकी वेगळी. सरळ रेषेचा आठ टक्का ही मी केलेली सोय आहे. सोय किती खपते, हे कळायला करार वाचावे लागतात. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तुला इथे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

परीक्षेत काय होतं? प्रश्नातच लिहिलेलं असतं: पगारवाढ आठ टक्के, व्याजदर सात टक्के, मृत्युदर अमुक तक्त्याप्रमाणे. जन्मतारखा बरोबर असतात. एक जूनवाला कुणी नसतो. परीक्षेला हे असंच असावं लागतं, त्यात परीक्षेचा दोष नाही. पण जे परीक्षा शिकवू शकत नाही ते मायनर शिकवू शकतं, कारण कॉलेजकडे तास असतात आणि समोरासमोर बसलेली माणसं असतात. म्हणून कुठलंही मायनर निवडताना मी एकच पाहीन: यात माझ्या हातात कधी मळलेले, खरे आकडे पडणार आहेत का?

आता तुला गणिताची किती गोडी आहे ते तूच तपासून बघ. दोन छोटी कामं देते.

पहिलं भिशीचं. बारा जणींची भिशी, महिना पाच हजार. प्रत्येकीला एकदा साठ हजार मिळतात. जिचा पहिला नंबर लागला तिलाही साठ हजार, शेवटच्या नंबरालाही साठ हजार. महिन्याला एक टक्का व्याज धर. आजच्या पैशात पहिलीला शेवटचीपेक्षा किती जास्त मिळालं? कॅल्क्युलेटर घे, सूत्र शोधू नकोस, आधी स्वतः रचून बघ. मग चिठ्ठ्यांऐवजी लिलावाची भिशी असेल तर पहिलीने किती रुपयांपर्यंत बोली सोडावी, याचा विचार कर. हे करताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर वित्तीय गणिताचा निम्मा रस तुझ्यात आधीपासून आहे.

दुसरं काम विम्याचं. भारतातल्या विमाधारकांच्या २०१२-१४ च्या अनुभवावर बेतलेला जो मृत्यू-तक्ता आहे, त्यात तिसाव्या वर्षी वर्षभरात मरण येण्याची शक्यता हजारी एकाहून किंचित कमी आहे, ०.०००९७७. चाळिशीत ती हजारी १.७ च्या जवळ जाते आणि पन्नाशीत ४.४. तिशीतले दहा हजार लोक घे, प्रत्येकाचा एक वर्षासाठी एक कोटीचा विमा. सरासरी ९.७७ मृत्यू, म्हणजे ९.७७ कोटींचे दावे, म्हणजे माणशी ९,७७० रुपये. खर्च, नफा, व्याज सगळं बाजूला ठेवलं तर हा शुद्ध हप्ता. प्रत्यक्षात कंपन्या वैद्यकीय तपासणी करून निवडक लोकच घेतात, म्हणून तक्त्याचे काही टक्केच धरतात, पण ते राहू दे.

इथपर्यंत कुणीही येतं. खरा प्रश्न पुढे आहे. यंदा नऊ मेले की सोळा, हे कुणाला माहीत? पॉयसन वितरण (क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील, याचं गणित) घेतलंस तर सरासरी ९.७७ ला प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, साधारण ३.१ येतं. सोळा किंवा त्याहून जास्त मृत्यू व्हायची शक्यता शंभरात चारच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या चार वर्षी कंपनीने ९.७७ कोटी गोळा केले आणि सोळा कोटी किंवा जास्त वाटले. आता दहा हजारांऐवजी दहा लाख लोक घे. सरासरी ९७७, विचलन ३१. आधी चढउतार सरासरीच्या बत्तीस टक्के होता, आता तीन टक्क्यांवर आला. विमा कंपनी मोठी का व्हायला बघते, पुनर्विमा, म्हणजे स्वतःच्या जोखमीचा विमा, कशासाठी घेते, हे या दोन ओळींत आहे. आणि दहा लाख लोक एकमेकांपासून स्वतंत्रपणे मरतात, हे जे मी गुपचूप धरलं, ते साथीच्या वर्षी कसं कोसळतं, हे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

लक्षात घे, हे दुसरं काम संपूर्ण संख्याशास्त्राचं आहे. ॲक्च्युरिअल सायन्स म्हणून जे वेगळं काढता येतं, ते चक्रवाढ व्याज आणि मृत्यू-तक्ता यांच्या लग्नातून झालेलं एक पोर. बाकी सगळा संसार संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा.

म्हणूनच तू पाठवलेले दोन्ही फोटो मी नीट वाचले. ॲक्च्युरिअलच्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रात कम्युटेशन फंक्शन्सना मोठा भाग दिलाय. डी-एक्स, एन-एक्स असे रकाने. ही संगणक नव्हता तेव्हाची युक्ती. मोठमोठे गुणाकार एकदाच करून छापून ठेवायचे आणि मग नुसता भागाकार करायचा. सुंदर युक्ती आहे, एक तास शिकवावी. पण अर्धं सत्र तिच्यावर जात असेल तर अभ्यासक्रम कुणी तरी जुन्या वहीतून उतरवलाय. आज इन्स्टिट्यूटच्या सीएम-१ या ॲक्च्युरिअल गणिताच्या पेपराचा दुसरा भाग एक्सेलवर सोडवायचा असतो आणि सीएस-१ या संख्याशास्त्राच्या पेपराचा दुसरा भाग 'आर' या संगणकभाषेत. तुझ्या कॉलेजच्या ॲक्च्युरिअलच्या कागदावर प्रात्यक्षिक हा शब्द मला सापडला नाही. शिकवणारे 'तज्ज्ञ व्याख्याते' म्हणजे बाहेरून येणारे. मी स्वतः तशी बाहेरून जाते, शनिवारी, दोन तास. खरं सांगते, शनिवारी येणारा माणूस मंगळवारी अडलेल्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही.

संख्याशास्त्राच्या मायनरमध्ये मात्र दर सत्राला 'आर'चं प्रात्यक्षिक आहे, तिसऱ्या सत्रात संभाव्यता वितरणं, पाचव्यात रिग्रेशन. शिकवणारे कायमचे तिथेच. नाव साधं आहे, पण सीएस-१ चा पाया त्यात जवळजवळ पूर्ण येतो. तुझ्या जागी मी असते तर संख्याशास्त्र घेतलं असतं. तुझं मेजर संख्याशास्त्र असतं तर उत्तर उलटं दिलं असतं: पाया आहेच, आता मायनरला ॲक्च्युरिअल घेऊन व्याज आणि आयुष्य यांचं गणित चाखून बघ. पण अर्थशास्त्रावर थेट ॲक्च्युरिअलचा मजला चढवला तर मधला एक मजला राहतो. त्या राहिलेल्या मजल्यावरून घसरलेली मुलं मी मुलाखतीत पाहिली आहेत. मृत्यू-तक्ता वाचता येतो, पण त्यातला आकडा किती हलू शकतो हे विचारलं की गप्प.

मी स्वतः तशीच घसरले होते. आमच्या वेळी पेपरांना सीटी-१, सीटी-२ म्हणत. आयुष्याच्या अनिश्चिततेच्या गणिताचा सीटी-५ माझा दोनदा गेला. दोन्ही वेळा सूत्रं पाठ होती. तिसऱ्यांदा बसण्याआधी एका वरिष्ठ सहकाऱ्याने सूत्रांची वही काढून घेतली आणि सांगितलं, प्रत्येक उत्तर आधी वाक्यात लिही: कुणाला, कधी, कशाच्या अटीवर, किती पैसे. मग आकडे. तीन महिने तेवढंच केलं.

ॲक्च्युरिअलचा स्वाद संख्याशास्त्राच्या मायनरमधूनही घेता येतो, फील्ड प्रोजेक्टच्या वाटेने. तुझं गाव मराठवाड्यातलं आहे म्हणतेस, मग पीक विमाच घे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. शेतकऱ्याने भरायचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच. कंपनीने लावलेला खरा दर त्याहून जितका जास्त, तितका केंद्र आणि राज्य भरतं. आपल्या राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हिस्साही स्वतःवर घेऊन एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ते बंद केलं. यावर भाषणं भरपूर झाली. 'खरा दर' कसा निघतो हे मात्र गावात कुणी सांगत नाही.

तू ते काढून बघ. महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न ठरलेलं असतं, मागच्या काही वर्षांच्या सरासरीवरून. पीक कापणी प्रयोगातून यंदाचं उत्पन्न येतं. समजा सोयाबीनचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,००० किलो, यंदा आलं ६००, विमा रक्कम ५०,००० रुपये. तूट चाळीस टक्के, म्हणून भरपाई २०,०००. उत्पन्न १,०५० आलं तर काही नाही, मग तुझ्या एकटीच्या शेतात पीक कितीही कमी येवो; या हिशेबात मंडळाची सरासरी चालते, तुझं शेत नाही. आता तालुका कृषी कार्यालयातून तुमच्या मंडळाचे जितक्या वर्षांचे आकडे मिळतील तितके आण. दर वर्षी भरपाई किती झाली असती ते काढ, सरासरी घे. तो झाला तुझा पहिला विमा दर. दहा वर्षांच्या आकड्यांवर दर ठरवणं किती धोक्याचं आहे, एक दुष्काळी वर्ष आत धरलं की बाहेर ठेवलं याने तो किती उड्या मारतो, हे त्याच कागदावर दिसेल. आणि कापणी प्रयोगाचे आकडे बघताना माझी एक जूनची गोष्ट आठव. ओळीने सगळ्या गावांचं उत्पन्न सारखंच दिसलं तर थांब, फोन लाव.

हा प्रोजेक्ट नीट केलेल्या मुलीला मी मुलाखतीत अर्धा तास जास्त देईन. नुसतं 'मायनर: ॲक्च्युरिअल सायन्स' ही बायोडेटातली एक ओळ आहे, सोबत पास झालेला एकही पेपर नसेल तर समोरचा ती ओळ वाचून पान उलटतो.

पेपरांचा क्रम. दुसऱ्या वर्षी एसीईटी दे. सभासद झालीस की तुला सीबी-२, म्हणजे अर्थशास्त्राचा पेपर, खुणावेल, कारण तुझं मेजरच ते आहे. त्याने सुरुवात करू नकोस. तो सुटेल, आनंद होईल, आणि कळणार काहीच नाही. आधी सीएस-१ दे. तो तुला खरं सांगेल. पास झालीस तर पुढे जा. नापास झालीस पण अभ्यास करताना मजा आली, तरी पुढे जा. पास झालीस आणि रोज रात्री वही उघडताना नकोसं वाटत होतं, तर तिथेच थांब. तुझं बाविसावं वर्ष असेल, काहीही बिघडलेलं नसेल. तेरा पेपरांची वाट बऱ्याच जणांना आठ-दहा वर्षं पुरते. त्यातली बहुतेक नोकरी करत, लोकलमध्ये उभ्याने, लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसून जातात. नकोशा वाटणाऱ्या विषयासोबत तेवढी वर्षं काढता येत नाहीत.

मधेच सोडणारे पुष्कळ असतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या सातांपैकी आम्ही दोघंच फेलो झालो. बाकीचे चार-पाच पेपरांवर थांबले. एक बँकेत कर्जाची जोखीम बघते, एक पुनर्विमा कंपनीत आहे, एकाने नाशिकला द्राक्षाचा बाग घेतलाय आणि बागेचा विमा उतरवताना एजंटला घाम फोडतो. कुणाची वर्षं फुकट गेली असं मला तरी दिसत नाही.

फॉर्मची मुदत शनिवारी संपते असं लिहिलंयस. त्याआधी दोन्ही विभागांत जाऊन तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची प्रात्यक्षिकाची वही मागून बघ. ॲक्च्युरिअलला अजून तिसरं वर्ष नाही, तर तिथे निदान पहिल्या बॅचच्या मुलांना भेट. संख्याशास्त्राच्या वहीत नुसती पुस्तकातली उदाहरणं असतील आणि संगणक कुलुपात असेल, तर मला परत लिही, माझं मत बदलू शकतं.

आणि भिशीचं उत्तर ६,२२० रुपयांच्या आसपास यायला हवं. ६,६०० आलं असेल तर तू सरळव्याज धरलंस. कुठे, ते शोध.